पायांतल्या मुंग्या आणि बी ट्वेल्व्ह

आईच्या रक्ताच्या रिपोर्टवर बी ट्वेल्व्हसमोर ११८ हा आकडा ठळक छापलेला होता. शेजारी लिहिलेली सामान्य पातळी दोनशेच्या वरची. एकक पिकोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचा लाख-कोटीवा भाग. मी कॉमर्स शिकलेली. इतकं सूक्ष्म काहीतरी कमी पडलं म्हणून चालत्या-बोलत्या बाईचा तोल जातो, हे मला पटेचना.

आई तर दुखावलीच. "अगं, जन्मभर मोडाची मटकी खाल्ली, शेपू-मेथी खाल्ली, बाहेरचं कधी तोंडाला लावलं नाही. आणि माझ्यात जीवनसत्त्व कमी?"

तिच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. शाळेतला तक्ता तेवढा आठवत होता: अ गाजरात, क आवळ्यात, ड कोवळ्या उन्हात आणि ब कडधान्यं-पालेभाज्यांत. वाचायला बसले तेव्हा कळलं की 'ब' ही आठ वेगवेगळी जीवनसत्त्वं आहेत, १, २, ३, ५, ६, ७, ९ आणि १२. मधले आकडे कुठे गेले म्हणून शोधलं, तर पूर्वी ज्यांना जीवनसत्त्व मानलं ते पदार्थ पुढे तसे ठरले नाहीत आणि यादीतून गळाले. मटकी, शेपू, मेथी या आठांतली बरीचशी देतात. बारावं मात्र देत नाहीत. ते कुठलीच वनस्पती तयार करत नाही. ते करतात फक्त सूक्ष्मजीव. गाई-म्हशींच्या पोटातले सूक्ष्मजीव ते बनवतात, तिथून ते दुधात आणि मांसात उतरतं. आपल्या मोठ्या आतड्यातही असे सूक्ष्मजीव असतात, पण बी ट्वेल्व्ह शोषून घेण्याची जागा त्याच्या अलीकडे, लहान आतड्याच्या शेवटच्या भागात आहे. म्हणजे आपल्याच पोटात तयार होऊनही ते आपल्या हाती लागत नाही! हे वाचून मी कितीतरी वेळ तशीच बसून राहिले.

गरज तरी किती? दिवसाला दोन-अडीच मायक्रोग्रॅम. कपभर दुधात साधारण एक मायक्रोग्रॅम मिळतं. आईचं दूध म्हणजे चहातलं दोन चमचे आणि जेवणानंतरचं पातळ ताक. त्यात तिला मधुमेह. त्यासाठी मेटफॉर्मिनची गोळी वर्षानुवर्षं चालू. ही गोळी फार काळ घेतली की बी ट्वेल्व्हचं शोषण कमी होऊ शकतं. रोजच्या आम्लपित्ताच्या गोळ्यांचंही तसंच, कारण अन्नातून ते सुटं व्हायला जठरातलं आम्ल लागतं. यकृतात साठा असतो, तो काही वर्षं पुरतो. त्यामुळे तूट पडत असते, पण कळत नाही.

कळलं ते आईच्या पायांवरून. आधी तळव्यांना मुंग्या. मग चालताना एका पायातली चप्पल निसटून मागे राहायची आणि ही तशीच पुढे जायची. सगळे म्हणायचे, "वय झालं, चालायचंच." डॉक्टरांनी तसं म्हटलं नाही. त्यांनी तिला जीभ दाखवायला सांगितली. ती लाल आणि गुळगुळीत होती, कडेचे बारीक दाणेच गेलेले. मग एक कंपन पावणारा धातूचा काटा तिच्या घोट्याच्या हाडावर टेकवून विचारलं, "आजी, थरथर जाणवतेय?" आई म्हणाली, "गार लागतंय. थरथर नाही." तोच काटा त्यांनी मनगटावर टेकवला तेव्हा ती दचकली. मी शेजारीच उभी होते. मज्जातंतूंवरचं आवरण नीट राखायला बी ट्वेल्व्ह लागतं, हे वाक्य नंतर मी अनेक ठिकाणी वाचलं, पण ते समजलं त्या दचकण्यातून.

रक्तपेशी तयार व्हायलाही ते लागतं. इथे एक जुनी गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती मुंबईची आहे. १९२८ साली ल्युसी विल्स या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. गिरणीत काम करणाऱ्या गरीब गरोदर बायकांना होणाऱ्या रक्तक्षयाचा त्यांनी अभ्यास केला आणि यीस्टपासून केलेल्या स्वस्तातल्या मार्माइटने तो बरा होतो हे दाखवलं. त्यामागचा घटक पुढे फॉलिक आम्ल, म्हणजे नववं ब, म्हणून ओळखला गेला. नववं आणि बारावं रक्त घडवताना जोडीने काम करतात. म्हणूनच डॉक्टरांनी बजावलं की नुसती फॉलिक आम्लाची गोळी घेऊ नका. तिने रक्त सुधारलेलं दिसतं आणि नसांची हानी आत चालूच राहते.

पुण्यातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे परिसरातल्या मध्यमवयीन पुरुषांची तपासणी करून २००६ साली निष्कर्ष मांडले. सुमारे दोन-तृतीयांश पुरुषांत बी ट्वेल्व्ह कमी होतं आणि शाकाहारींना धोका जास्त होता. हे वाचून आईचा रुसवा बराच ओसरला. तिच्या स्वयंपाकात खोट नव्हती. त्यात जे नसतंच ते बाहेरून घ्यायचं होतं.

उपचार म्हणजे इंजेक्शन, मग गोळ्या. तपकिरी काचेच्या कुपीतलं ते औषध डाळिंबाच्या रसासारखं लाल असतं. रेणूच्या मधोमध कोबाल्ट धातूचा एक अणू असतो. डोरोथी हॉजकिन यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने या रेणूची रचना उलगडली आणि १९६४ सालचं नोबेल त्यांना मिळालं. मी हे आईला सांगितलं तेव्हा तिने सुई घेतलेला दंड चोळत विचारलं, "बाई होती का गं ती?" मी हो म्हटलं. तिला ते आवडलं.

जीभ काही आठवड्यांत बरी झाली. मुंग्या कमी झाल्या, चाल सुधारली. पायाची बोटं मात्र अजून बधिरच आहेत. फार काळ दुर्लक्ष झालेल्या नसा पूर्ववत होतीलच असं नसतं, हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. याचंच मला वाईट वाटतं. तपासणी आधी झाली असती तर कदाचित बोटंही वाचली असती.

तुमच्या घरात कुणी शाकाहारी वडीलधारं माणूस असेल, साखरेची किंवा पित्ताची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल आणि पायांना मुंग्या येत असतील, तर वयावर ढकलू नका. पुढच्या वेळी रक्त द्याल तेव्हा डॉक्टरांना बी ट्वेल्व्हचं जरूर विचारा.