ढवळ्याच्या पोटातला पाहुणा

तुमच्यापैकी जे विदर्भातले आहेत त्यांना तान्हा पोळा म्हणजे काय ते सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. श्रावण अमावास्येला पोळा असतो. त्या दिवशी खरे बैल सजतात. दुसऱ्या दिवशी पाळी येते मुलांच्या बैलांची. हे बैल लाकडाचे. पायांखाली चाकं, शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरू. मुलं ते दोरीनं ओढत घरोघरी नेतात. घरातली बाई बैलाची पूजा करते, ओवाळते आणि मुलाच्या हातावर बोजारा ठेवते. बोजारा म्हणजे खाऊचे पैसे. आमच्या वेळी चार आणे मिळाले तरी आम्ही उड्या मारायचो!

आमच्या घरी असे दोन बैल होते, ढवळ्या आणि पवळ्या. माझ्या आजोबांनी, म्हणजे आबाजींनी, ते स्वतः घडवले होते. आबाजी काही सुतार नव्हते, शेतकरी होते. पण गोठ्याच्या दुरुस्तीत उरलेले सागवानाचे दोन ठोकळे त्यांना टाकवेनात. एका उन्हाळ्यात पटाशी आणि कानस घेऊन ते ओसरीवर बसले आणि दोन बैल करूनच उठले. ढवळ्याचा डावा कान जरा मोठा झालाय. आबाजी म्हणायचे, त्याला जास्त ऐकू येतं.

पवळ्या आता नाही. तो का नाही हे आधी सांगते, कारण त्यात माझा मोठा वाटा आहे.

मी सातवीत होते. पोळा चार दिवसांवर आला म्हणून बैल माळ्यावरून खाली काढले. पवळ्या उचलला तर त्याच्याखाली गव्हाच्या पिठासारखी बारीक, मऊ भुकटी. उलटा केला तर पोटाला टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं. कीड लागली होती! आता आबाजींना सांगावं की नाही? मी ठरवलं, आपणच बंदोबस्त करू. स्टोव्हसाठी रॉकेल असायचंच घरात. एक जुना कुंचला घेतला आणि पवळ्याला सगळीकडून रॉकेल पाजलं. पोटभर पाजलं म्हणा ना! त्याचा तांबडा रंग कुंचल्याला लागून यायला लागला तरी माझं चालूच.

तान्ह्या पोळ्याच्या संध्याकाळी माझा धाकटा भाऊ पिंटू पवळ्याला छातीशी धरून पहिल्याच घरी गेला. शेजारच्या काकूंनी ताट आणलं, निरांजन पेटलेलं. त्या ओवाळायला वाकल्या आणि एकदम मागे सरल्या.

"काहून रे पोट्ट्या, याले रॉकेलचा वास काहून येते?"

त्यांनी ताट चटकन दूर ठेवलं म्हणून बरं. रॉकेलात भिजलेलं लाकूड, ते पोराच्या छातीशी, आणि समोर वात. पुढचं मला आजही मनात आणवत नाही. पिंटूच्या हातांवर आणि गळ्यावर लाल चट्टे उठले ते आठवडाभर राहिले. आबाजी मला रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "वरून तेल लावलं तं आतल्या किड्याले काय समजते, बाप्पा?"

आणि खरंच, त्याला काही समजलं नव्हतं. पुढच्या वर्षी पवळ्याखाली पुन्हा भुकटी होती. त्याच्या पुढच्या वर्षी चाकं तुटली, मग मागचे पाय. आबाजींनी एके दिवशी तो उचलून परड्यात नेला.

हा किडा मला कळला तो फार उशिरा. इंग्रजीत याला 'पावडर पोस्ट बीटल' म्हणतात. हा तांदळाच्या दाण्यापेक्षाही लहान, तपकिरी भुंगेरा. मादी लाकडाच्या उघड्या छिद्रांत अंडी घालते. अंड्यातून अळी निघते आणि आतल्या आत लाकूड खात, बोगदे काढत फिरते. ती लाकडातल्या पिष्टासाठी येते. पिष्ट म्हणजे भातात, बटाट्यात असतं तेच. आत ती कितीतरी महिने राहते, कधी वर्षाहूनही जास्त. मग कोषात जाते, भुंगेरा होते आणि लाकूड फोडून बाहेर पडते. आता नीट लक्ष द्या. आपल्याला दिसतं ते भोक किडा आत शिरल्याचं नसतं, बाहेर पडल्याचं असतं. म्हणजे मी ज्या भोकांत रॉकेल ओतलं, तिथला पाहुणा तर केव्हाच निघून गेला होता! जे आत होते त्यांच्या बोगद्यांना दारच नव्हतं.

आणखी एक गोष्ट आम्हाला तेव्हा दिसली होती, पण समजली नव्हती. पवळ्याची पाठ आणि डोकं शेवटपर्यंत धड होतं. पोखरलं गेलं ते पोट, पाय आणि चाकं. चाकं आंब्याच्या लाकडाची होती. आणि पोटाकडे सागवानाचा सालीलगतचा पांढरट भाग आला होता. झाडाचा अन्नसाठा असतो तो या बाहेरच्या भागात. सागाचा मधला तपकिरी गाभा या भुंगेऱ्याच्या कामाचा नाही. 'सागाला कीड लागत नाही' असं मोठी माणसं म्हणतात, ते गाभ्यापुरतंच धरायचं.

आता ढवळ्याकडे येऊ. आबाजी गेले, घर बदललं, ढवळ्या माझ्या भावाकडे राहिला. तोच पिंटू. त्याला आता अथर्व नावाचा पाच वर्षांचा मुलगा आहे. गेल्या वर्षी आषाढात पिंटूचा फोन आला. "ताई, ढवळ्याखाली पीठ दिसते." मी त्याला पहिली गोष्ट सांगितली, "काहीही लावू नकोस. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांध आणि बाजूला ठेव."

जाऊन पाहिलं तर माळ्यावर ढवळ्याच्या शेजारी बांबूची एक जुनी टोपली होती. हात लावला तर बोटं आरपार गेली! बांबू म्हणजे या मंडळींची पंगतच. ताजे कापलेले बांबू लोक काही आठवडे नदीत किंवा तळ्यात बुडवून ठेवतात, ते त्यातलं पिष्ट निघून जावं म्हणून. आमची टोपली तशी नसावी. ती आधी जाळली.

मग प्रश्न आला, ढवळ्याचं करायचं काय? तुम्ही म्हणाल, बाजारात किडे मारायची औषधं मिळतात की. मिळतात. पण अथर्व बैलाचं शिंग तोंडात घालतो. त्याच्या तोंडात जे जाऊ नये ते ढवळ्याच्या अंगावर नको, हे आम्ही आधीच ठरवलं. डांबरगोळ्यांचा वास आतल्या अळीपर्यंत पोचत नाही, आणि लहान मूल त्यांना पेपरमिंट समजून खाऊ शकतं. एक शेजारी म्हणाले, धान्याच्या कोठीत टाकतात ती गोळी टाका पिशवीत. नाही म्हणजे नाही! त्या गोळीतून फॉस्फिन नावाचा वायू निघतो. बंद घरात त्यानं माणसं मेली आहेत. तुम्ही त्या गोळ्यांना हातही लावायचा नाही.

उरली ऊन आणि थंडी. उष्णतेनं किडा नक्की मरतो. परदेशी जाणाऱ्या खोक्यांचं लाकूड पार गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सियसला सलग 30 मिनिटं तापवावं असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. अशा खोक्यांवर गव्हाच्या ओंबीसारखा शिक्का आणि 'एचटी' ही अक्षरं दिसतील, शोधा एकदा. पण ढवळ्यावर तेलरंगाचे चार थर आहेत. तापवला तर रंग सुटणार आणि लाकूड तडकणार. सावंतवाडी किंवा चन्नपट्टणची लाखेनं रंगवलेली खेळणी तर उन्हात मुळीच तापवू नयेत. लाख उष्णतेनं मऊ होते.

म्हणून थंडी. वस्तुसंग्रहालयांत हाच उपाय करतात. उणे 30 अंशाला तीन दिवस किंवा उणे 20 अंशाला निदान आठवडाभर. ना विष, ना वास. घरच्या फ्रिजच्या खालच्या कप्प्याचा उपयोग नाही, तिथे किडा नुसता सुस्तावतो. बर्फाच्या कप्प्यात ढवळ्या मावत नव्हता. शेवटी ओळखीच्या आइस्क्रीमवाल्या काकांना विचारलं. त्यांनी आधी बैलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "किडे माझ्या आइस्क्रीममध्ये येतील ना, बाई!" मग त्यांना पिशवी दाखवली. ढवळ्याला सुती कापडात गुंडाळलं होतं, वर जाड प्लॅस्टिकच्या दोन पिशव्या, हवा दाबून काढलेली, तोंड चिकटपट्टीनं बंद. काकांनी एक जुना, रिकामा डीप फ्रीझर दिला आणि एका अटीवर दिला. तान्ह्या पोळ्याला बैल आधी त्यांच्या दुकानात आणायचा.

फ्रीझर आदल्या दिवशीच चालू करून ठेवला. आत थर्मामीटर ठेवला होता, तो उणे 19 दाखवत होता. ढवळ्याला एकदम कडाक्याच्या थंडीत ठेवायचं होतं. हळूहळू गार होत गेलं तर काही किडे थंडी सोसायची तयारी करून घेतात. लाकूड जाड म्हणून आम्ही पूर्ण दोन आठवडे धरले. अथर्व रोज विचारायचा, "आत्या, ढवळ्याला थंडी वाजत असेल का?"

बाहेर काढल्यावर खरी परीक्षा अथर्वचीच होती, कारण पिशवी लगेच उघडायची नसते. गार पाण्याच्या पेल्याला बाहेरून पाणी सुटतं ना, तसंच गार लाकडावर सुटलं असतं, आणि रंग फुगला असता. पिशवी तशीच बंद ठेवून पूर्ण एक दिवस थांबलो. तो पिशवीशेजारीच झोपला.

एक सांगून ठेवते. शिंपल्याची जडावाची कामं, तारा ताणलेली वाद्यं, रंगाचे पापुद्रे आधीच सुटलेल्या वस्तू, यांना असं गोठवू नका. त्यांच्यातले वेगवेगळे भाग वेगवेगळे आकसतात आणि तडे जाऊ शकतात. तिथे जाणकाराला विचारावं.

ढवळ्याला मऊ ब्रशनं झाडलं. भोकं मोजली, तेवीस. प्रत्येकात मधमाशांचं मेण भरलं. ते शोभेसाठी नव्हतं. जुनी भोकं बुजवली की नवीन पडलेलं लगेच कळतं. पोटाकडे आबाजींनी रंग दिलाच नव्हता, उघडं लाकूड होतं. मादीला अंडी घालायला तेवढी जागा पुरेशी. तिथे जवसाच्या तेलाचे दोन पातळ हात दिले आणि चांगलं वाळू दिलं. जवसाच्या तेलाची चिंधी मात्र चुरगाळून टाकू नका हं, ती आपोआप तापून पेट घेऊ शकते. दोरीवर पसरून वाळवा.

तान्ह्या पोळ्याला ढवळ्या आधी आइस्क्रीमच्या दुकानात गेला. काकांनी पन्नास रुपये बोजारा दिला, शिवाय एक कुल्फी. नंतरच्या घरांत निरांजनं ओवाळली गेली. मी मात्र प्रत्येक घरी ढवळ्याच्या पाठीशी नाक नेऊन वास घेत होते. पिंटू हसत होता.

त्या दिवसापासून ढवळ्या काळ्या कागदावर उभा असतो. दर रविवारी अथर्व त्याला उचलून कागद बघतो. दिवाळीनंतरच्या एका रविवारी पिंटूचा पुन्हा फोन. कागदावर चिमूटभर भुकटी! मी तशीच निघाले. पाहिलं तर भुकटी मळकट, जुनी होती. ताजी असती तर फिकट दिसली असती. अथर्वनं ढवळ्याला अंगणातल्या फरशीवरून दडदडत नेलं होतं. पुढच्या चाकाजवळच्या एका भोकातलं मेण गळून पडलं होतं आणि बोगद्यातलं जुनं पीठ तिथून सांडलं होतं.

तरी आम्ही सगळी भोकं पुन्हा मोजली, आधी मी, मग अथर्वनं बोट ठेवून ठेवून. तेवीसच भरली. मेण पुन्हा भरलं आणि नवीन काळा कागद घातला. अजून वर्षभर तरी दर रविवारी बघायचं असं ठरलंय. अथर्वनं त्यासाठी एक वही केली आहे. त्यात तारीख असते, पुढे भोकांचा आकडा, आणि त्याच्यापुढे एक बैल काढलेला असतो, डावा कान मोठा असलेला.