खराडीतील तबकड्या

पुण्याहून नगर रस्त्याने पूर्वेस निघाले म्हणजे येरवडा मागे टाकल्यावर काही वेळाने खराडी लागते. मुळा-मुठेच्या काठचे हे शेतीचे गाव १९९७ साली पुणे महापालिकेत आले. आज तेथे शेतांच्या जागी संगणकाच्या कचेऱ्या व उंच इमारती उभ्या आहेत. पेठांतील वाडे पडू लागल्यावर काही जुनी बिऱ्हाडेही इकडे आली. अशा स्थलांतरात पितळी भांड्यांस जागा मिळते. ग्रामोफोनच्या तबकड्या मात्र बहुधा भंगारवाल्याकडे जातात.

खराडीस आमच्या एका स्नेह्यांकडे गेलो, तेव्हा अशाच एका पेटीचा निकाल लावावयाचा होता. घरातील धाकटे चिरंजीव जमेका बेटातील 'रेगे' संगीताचे शौकीन. वापरलेल्या तबकड्या पारखून घेण्याचा त्यांस छंद. त्यांनी आम्हांस प्रतवारी समजावून दिली. सर्वांत वरची प्रत 'मिंट', म्हणजे टांकसाळीतून नुकत्याच निघालेल्या नाण्यासारखी. त्याखाली 'निअर मिंट', 'व्हेरी गुड' व 'गुड'. मौज अशी की, या बाजारात 'गुड' म्हणजे चांगली नव्हे, चांगलीच झिजलेली! तबकडी कडेने धरावी, तिरप्या उजेडात ओरखडे पाहावेत आणि शेवटी वाजवून निर्णय द्यावा.

एवढे सांगून चिरंजीवांनी स्पिरिटाचा बोळा उचलला, तोच काकांनी त्यांचा हात धरला. "अरे, तुझ्या तबकड्या व्हिनाइलच्या, या लाखेच्या! सुतार पॉलिशसाठी चपडा स्पिरिटातच विरघळवितो ना?" त्या एका वाक्याने पेटी वाचली. तबकड्या कोरड्या, मऊ फडक्यानेच पुसल्या गेल्या. चिरंजीवांच्या यंत्रावर ७८ फेऱ्यांची सोय नसल्याने वाजवून पाहणे मात्र राहिले.

बहुतेक तबकड्या 'गुड'च्याच पायरीच्या निघाल्या. "मग टाकायच्या का?" असे आजींनी विचारले. चिरंजीव म्हणाले, "नाही, आजी. किंग्स्टनच्या कित्येक तबकड्या नाचाच्या मेळ्यांत वाजून वाजून झिजल्या. पण दुर्मिळ असली तर तशीही लोक जपतात."

आमचे मते मुद्दा हाच आहे. प्रतवारी पृष्ठभागाची असते, आतील गाण्याची नव्हे. १९०२ साली कलकत्त्यास गोहरजानचे गाणे मुद्रित झाले, तेव्हा एका बाजूस जेमतेम तीन मिनिटे मावत. १९३७ साली वारलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांचा सूर आज आपणांस अशा मुद्रणांतूनच ऐकू येतो. जी तबकडी अधिक आवडली तीच अधिक झिजली, आणि एखादे गाणे तर एकाच भेगाळलेल्या प्रतीवर उरलेले असणे शक्य आहे.

यास्तव पेटी विकण्यापूर्वी एका वहीत प्रत्येक तबकडीवरील गायकाचे नाव, चीज, कंपनी, क्रमांक व प्रत टिपून ठेवावी. तबकड्या उभ्या, उन्हापासून दूर ठेवाव्यात. मुंबईत १९९० साली संग्राहकांनी 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संस्था स्थापिली, ती याच कळकळीने. वाडा गेला तो परत येणार नाही. त्यात घुमलेला सूर तरी नव्या घराच्या कपाटात राहावा.