माघात पाइन, पौषात पॉलोनिया

हानाफुदाच्या पत्त्यावर आकडा नसतो, राजा-राणी तर नाहीतच. असतं ते एखादं झाड, त्याची फांदी किंवा फूल, आणि सोबत कधी पक्षी, कधी जनावर, कधी लाल-निळी फीत. कुठला पत्ता कशाशी जुळतो हे झाड ओळखूनच ठरवायचं. वनस्पतींचं वर्गीकरण शिकवणाऱ्या माणसाला याहून सोयीचा खेळ सापडणं कठीण. पत्ते आकारानं आपल्या नेहमीच्या पत्त्यांच्या निम्म्याहून लहान, पण पुठ्ठ्यासारखे जाड. टाकले की खट् असा आवाज येतो आणि खेळणारे तो मुद्दाम काढतात.

आकडे गेले कुठे, याची गोष्ट थोडक्यात अशी. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांचं जहाज गोव्याहून मलाक्का, मकाव करत जपानला जायचं. त्या खलाशांबरोबर पत्ते तिथे पोचले. 48 पत्त्यांचा कॅट, चार रंग, प्रत्येकात बारा. जपानी लोकांना जुगाराची चटक लागली, सरकारनं बंदी घातली. लोकांनी चित्रं बदलून नवा कॅट काढला, त्यावरही बंदी आली. हा पाठशिवणीचा खेळ पिढ्यान्‌पिढ्या चालला आणि त्यातूनच अठराव्या शतकाच्या सुमारास आकडे नसलेले फुलांचे पत्ते पुढे आले, असं सर्वसाधारणपणे मानतात. मला यातलं गणित आवडतं. पत्ते 48च राहिले, फक्त चार रंगांत बाराऐवजी बारा रंगांत चार झाले. बारा म्हणजे बारा महिने. जुगाराच्या पत्त्यांवर अख्खं पंचांग आलं. पुढे बंदी सैल झाल्यावर, 1889 साली क्योतोमध्ये फुसाजिरो यामाउची यांनी हेच पत्ते बनवायचं दुकान काढलं. त्याचं नाव निन्तेन्दो. व्हिडिओ गेमची ही कंपनी हानाफुदा आजही विकते.

वर्गात मी दोनच पत्ते आधी दाखवतो: चौथ्या महिन्याचा विस्टेरिया आणि सातव्या महिन्याचा हागी. दोन्हींवर बारीक, काळपट-लालसर ठिपक्यांच्या लडी. मुलं हमखास गोंधळतात, आणि त्यात त्यांचा दोष नाही, कारण दोन्ही वनस्पती शेंगवर्गीय कुळातल्याच. चित्रकारानं फरक ठेवलाय तो वाढीच्या दिशेचा. विस्टेरिया वेल आहे, त्याचे घोस खाली लोंबतात. हागी झुडूप आहे, त्याच्या फांद्या वर उठतात. पत्ता उलटा धरला की विस्टेरियाचा हागी होतो. नवखा खेळाडू असाच फसतो आणि पुढच्या खेपेला पत्ता आधी सरळ करतो. मांडणी ओळखायची तर आधी वर-खाली ओळखा, हे मी फळ्यावर कितीदा लिहून सांगू?

आता महिन्यांकडे. पत्त्यांवरचे महिने जानेवारी-फेब्रुवारी धरले तर सगळं महिनाभर आधीच फुललेलं दिसतं. जपाननं इंग्रजी कॅलेंडर घेतलं 1873 साली. पत्ते त्याआधीचे, जुन्या चांद्र पंचांगाचे. ते पंचांग आपल्यासारखंच अमावास्येनंतर महिना सुरू करतं. म्हणून मराठी वाचकाला ही जुळणी सोपी जाते: पहिला महिना म्हणजे साधारण माघ, चेरीचा तिसरा म्हणजे चैत्र, सुसुकी गवतावर पूर्ण चंद्र असलेला आठवा म्हणजे भाद्रपद. अधिक महिना धरायचे हिशेब वेगळे असल्यानं कधीकधी एका महिन्याची सरकासरक होते. 2025 साली त्यांचा अधिक महिना येऊन गेला होता, आपला 2026च्या ज्येष्ठापर्यंत थांबला. त्यामुळे त्यांच्या आठव्या महिन्याचं चंद्रदर्शन आणि आपली कोजागिरी एकाच रात्री पडली, 6 ऑक्टोबरला.

खेळायला बसलं की मात्र हा चंद्र निव्वळ गुणांचा होतो. दोघांचा खेळ म्हणजे कोई-कोई. प्रत्येकी आठ पत्ते हातात, आठ उघडे मध्ये, उरलेले गड्डीत. हातातला पत्ता त्याच महिन्याच्या उघड्या पत्त्यावर टाकून दोन्ही उचलायचे, मग गड्डीतला एक उलटून तेच करायचं. समजा चंद्र माझ्याकडे आला आहे आणि मी शेवंतीवरचा साकेचा प्याला उचलला. चंद्र आणि प्याला मिळून पाच गुण. आता थांबून गुण घ्यायचे, की ‘कोई-कोई’ म्हणत डाव पुढे न्यायचा? चेरीखालचा पडदा मिळाला तर त्याच प्याल्याबरोबर आणखी पाच. पण समोरच्याकडे पाइन आणि उमेच्या (जपानी प्लमच्या) लाल फिती आहेत आणि त्याला तिसरी हवी आहे तीही चेरीचीच. मध्ये चेरीचा एकच साधा पत्ता पडला आहे. ती फीत त्यानं आधी लावली तर माझे पाच गेलेच, शिवाय बहुतेक ठिकाणच्या नियमानं त्याचे गुण दुप्पट. मी अशा वेळी थांबतो. माझे विद्यार्थी थांबत नाहीत.

उमेच्या पत्त्यावरचा पक्षीही बघण्यासारखा. तो उगुइसू असं परंपरा सांगते. पण खरा उगुइसू मळकट तपकिरी, झुडपात दडून गाणारा. उमेच्या फुलांतला मध प्यायला येणारा हिरवा पक्षी म्हणजे मेजिरो, आपल्या चष्मेवाल्याचा भाऊबंद. कित्येक कॅटांत उगुइसू चक्क हिरवा रंगवलेला आढळतो.

चुका झाडांतही आहेत. पिओनी सहाव्या महिन्यात, म्हणजे आषाढात घातली आहे. जपानात ती एप्रिल-मेमध्ये फुलते. पॉलोनिया तर बाराव्या महिन्यात, ऐन थंडीत फुलांचे तुरे मिरवते, प्रत्यक्षात तीही वसंतातली. तिच्यावर फिनिक्स बसवलाय, कारण हा पक्षी दुसऱ्या झाडावर उतरत नाही अशी चिनी समजूत. चिनी ग्रंथांतलं ते झाड मात्र फिर्मियाना, सह्याद्रीतल्या आपल्या कौशीच्याच प्रजातीतलं. जपानात येताना झाड बदललं, पक्षी तोच राहिला.

अलीकडे फळबागांचे, जंगलांचे, पक्ष्यांचे छोटे पत्त्यांचे खेळ बरेच येतात, एकट्यानं खेळायचेही. चित्रं देखणी असतात, पण सफरचंदाच्या जागी निळा ठिपका छापला तरी बहुतेकांचं काही बिघडत नाही. हानाफुदातही तसं करता येईल; पण मग प्रत्येक महिन्याच्या चार पत्त्यांना एकत्र बांधायला काय उरेल? कोरियात हेच पत्ते ‘ह्वातू’ म्हणून गेले. तिथे सणाला घरोघरी डाव रंगतात, आणि एकटी म्हातारी माणसं दिवस कसा जाईल हे बघायला पत्ते मांडून बसतात. त्यांनी शेवटच्या दोन महिन्यांची अदलाबदल केलीय: पॉलोनिया अकरावा, पावसातला विलो बारावा. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबानं दोन्ही देश सारखेच चुकलेत. विलोवरच्या पाकोळीला मार्गशीर्षातही काम नाही आणि पौषातही.