कोणतं जनावर?

‘काडतूस’ या शब्दाचा वाक्यात उपयोग करा, असं मी नववीच्या वर्गाला सांगितलं आणि तास हातातून गेला. मुलं उर्दू माध्यमाची. मराठीच्या तासाला एरवी तोंड उघडत नाहीत, त्या दिवशी मात्र सगळे बोलायला लागले. अमुक बंदुकीला पाच-छप्पन, तमुक बंदुकीला सात-बासष्ट. मागच्या बाकावरचा एक उठून म्हणाला, “टीचर, एडब्ल्यूएमला तीनशे मॅग्नम लागतं. एका गोळीत खलास!” सगळं ज्ञान मोबाइलवरच्या पबजीचं. मी विचारलं, “समोर कोण आहे?” तो म्हणाला, “कोणीही असू दे, टीचर.”

हे उत्तर आमच्या दादांनी ऐकलं असतं तर पोराला बाकावर उभं केलं असतं.

दादा म्हणजे माझ्या वडिलांचे वडील. मुंबईत, फोर्टमधल्या एका बंदुकांच्या दुकानात त्यांनी तीसएक वर्षं काउंटर सांभाळला. सोमवारी पहाटे बोईसरहून गाडी धरायची, शनिवारी रात्री परत. मी सातवीत असताना ते गेले. त्यांच्या बोटांना तेलाचा वास यायचा एवढंच मला आठवतं. आयुष्यभर काडतुसं विकली, पण स्वतः कधी शिकारीला गेले नाहीत. बंदुकीने मेलेलं जनावर, सुरी फिरवेपर्यंत जिवंत नसलं तर, आमच्या घरात शिजत नसे. त्यामुळे गिऱ्हाइकाने प्रेमाने पाठवलेली रानडुकराचीच काय, सांबराची तंगडीसुद्धा परत जायची.

दोन वर्षांपूर्वी घराचं छप्पर बदलताना माळ्यावरून त्यांची पत्र्याची ट्रंक खाली आली. आत एक वही होती. उर्दू, तीही शिकस्ता, घाईघाईने लिहिलेली. अब्बांना ती लागेना, चाचांना तर उर्दू येतच नाही. “तू शिकवतेस ना, मग वाच,” म्हणून वही माझ्याकडे आली. मला वाटलं उधारीचा हिशोब असेल. निघाली काडतुसांची वही. कोणत्या जनावराला कोणतं, आणि का.

मला यातलं काही कळत नव्हतं. वही लावता लावता थोडं कळलं, तेवढं सांगते.

पहिली गोष्ट म्हणजे आकड्यावर जाऊ नये. विलायती मोठ्या रायफली तेव्हा चारशे सत्तर, चारशे पासष्ट, चारशे पंचाहत्तर अशा विचित्र आकड्यांच्या असत. त्यामागे राजकारण होतं. 1907च्या सुमारास इंग्रज सरकारने हिंदुस्थानात चारशे पन्नास बोअरच्या रायफलींवर बंदी घातली. लष्कराच्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफली याच जाडीच्या गोळीच्या, आणि बंडखोरांच्या हातात पडलेल्या तसल्या रायफलींना दारूगोळा मिळू नये ही भीती. मग विलायतेतल्या कारखानदारांनी बोअर जरा इकडेतिकडे करून नवी काडतुसं काढली. म्हणजे वाघ तोच, गवाही तोच. आकडा बदलला तो आपल्या लोकांच्या धास्तीने. हे वाचून मला उगाच बरं वाटलं.

दुसरी गोष्ट गोळीच्या टोकाची, आणि वहीचा जीव हीच. एक ‘सॉफ्ट’ गोळी. तिच्या टोकाला शिसं उघडं असतं. अंगात शिरली की कुत्र्याच्या छत्रीसारखी पसरते आणि मोठी जखम करते. दुसरी ‘सॉलिड’. तिच्या शिशावर टोकापर्यंत कडक धातूचं कवच. ती पसरत नाही, हाड फोडून सरळ खोल जाते. वाघ-बिबट्याचं कातडं पातळ. त्याला सॉलिड मारली तर आरपार निघून जाते, बारीक भोक पडतं आणि जनावर जखम घेऊन रानात शिरतं. गव्याचं उलटं. पुरता वाढलेला नर टनभर वजनाचा, खांद्याचं हाड आणि त्यावर मांसाची भिंत. समोरून किंवा खांद्यातून सॉफ्ट मारली तर ती वरच्या वर पसरून थांबण्याची भीती. गोळी लागलेली असते, पण पोचलेली नसते. दादांनी लिहिलंय, ‘लगना और पहुँचना दो बातें हैं.’

जखमी जनावर सोडलं की काय होतं, हे जिम कॉर्बेटच्या वाचकांना सांगायला नको. 1907 साली त्याने मारलेल्या चंपावतच्या वाघिणीच्या नावावर 436 माणसं होती. मेल्यावर पाहिलं तर तिचे उजवीकडचे सुळे तुटलेले, जुन्या कुठल्या तरी गोळीने. नेहमीची शिकार जमेना म्हणून ती माणसावर आली. ती गोळी झाडणारा कोण, कुणालाच माहीत नाही. तो घरी जाऊन जेवला असेल.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात नवी होती. दोन नळ्यांच्या रायफलीत दोन्ही गोळ्या एकाच जागी लागाव्यात म्हणून कारागीर एक ठरावीक काडतूस घेऊन, बार काढून काढून नळ्या जुळवतो. गोळीचं वजन, दारूचं माप, सगळं ठरलेलं. ते बदललं की दोन्ही नळ्यांची दोन तोंडं. म्हणून ‘जास्त जोरदार काडतूस द्या’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाकडे दादा आधी रायफल मागायचे आणि तिच्यावर कोरलेलं वाचायचे. आणखी एक, उन्हाचं. जुनी कॉर्डाइट दारू तापली की दाब वाढतो. नळकांडं फुगून आत अडकतं, बाहेर निघत नाही. समोर जनावर आणि रायफल बंद. म्हणून गरम मुलखासाठी कारखाने मुद्दाम कमी दारूचं काडतूस भरत. ‘मे महिन्यात डबा मोटारीत ठेवू नये’ या ओळीखाली दादांनी दोन रेघा मारल्यात. बोईसरचा मे ज्याने पाहिलाय त्याला हे पटेल.

वहीच्या मधोमध एक पान वेगळं आहे. 1953चा हिवाळा. लाकडाच्या धंद्यातले एक शेठ चारशे सत्तरसाठी दहा काडतुसं घ्यायला आले. यल्लापूरच्या रानात गव्यासाठी निघाले होते. कारवार जिल्हा तेव्हा मुंबई राज्यातच होता. दुकानात सॉलिड संपलेल्या. माल बोटीवर, दोन आठवड्यांनी येणार. दादा म्हणाले, थांबा. शेठ म्हणाले, परवाना आताचा आहे, सॉफ्ट द्या, गोळी ती गोळी. दादांनी दिल्या.

महिन्याभराने शेठ पुन्हा आले. उरलेली सात काडतुसं काउंटरवर ठेवली आणि म्हणाले, एवढी बदलून द्या, सॉलिड द्या. तीन वापरली होती. गवा खांद्यात जखम घेऊन कारवीत शिरला. माग काढायला गावातल्या एका माणसाला आत पाठवलं. तो परत आला नाही. शेठ हे पावसापाण्याचं बोलावं तसं बोलले असावेत, कारण दादांनी पुढे एवढंच लिहिलंय: ‘त्या माणसाचं नाव विचारलं. शेठना माहीत नव्हतं.’

त्याच्या पुढच्या पानापासून प्रत्येक विक्रीच्या नोंदीत एक रकाना वाढलाय. कोणतं जनावर. पाखरू, डुक्कर, बिबट्या, ‘नुसता शौक’, सगळं लिहिलेलं. 1970मध्ये वाघाची शिकार बंद झाली, 1972मध्ये वन्यजीव कायदा आला आणि नोंदी बारीक होत होत संपल्या.

ट्रंकेच्या तळाशी, मोज्यात गुंडाळलेलं एक काडतूस होतं. चार इंच लांब. टोकाला शिसं कुठेच दिसत नव्हतं. बोटीवरून आलेल्या मालातलंच असणार.

मग घरात जे झालं ते लिहू की नको, असा विचार केला. लिहिते. चाचा म्हणाले, रात्री खाडीत टाकून येतो. अब्बा काहीच बोलेनात. परवान्याशिवाय जिवंत काडतूस घरात असणं गुन्हा आहे, हे तिघांनाही माहीत होतं. आणि आपलं आडनाव वाचून पुढची माणसं काय धरून चालतील, हेही न बोलता तिघांनाही माहीत होतं. पण खाडीत टाकणं मला पटेना. ज्या माणसाने पंचवीस वर्षं रकाना भरला, त्याच्या वस्तूची नोंद नको?

मी शुद्ध मराठीत अर्ज लिहिला, वही घेतली आणि अब्बांना घेऊन पोलीस ठाण्यात गेले. रिक्षात अब्बांचा हात माझ्या मनगटावर घट्ट होता. अंमलदारांनी अर्ज दोनदा वाचला. वही उलटसुलट करून पाहिली, परत दिली. काडतूस हातात घेऊन वजन बघितलं. बराच वेळ नुसतं लिहिणं चाललं होतं. मग पेन थांबवून त्यांनी विचारलं, “मॅडम, हे एवढं मोठं कशासाठी?”

“गव्यासाठी,” मी म्हणाले.

त्यांनी तेही लिहून घेतलं.