पन्हाळ्यावरचे राज्यशास्त्र

विद्यापीठातील राज्यशास्त्र विभागाची कामगिरी मोजण्याच्या रूढ पद्धतीत पदव्या, पात्रता परीक्षांतील यश, शोधनिबंध, परिसंवाद आणि ग्रंथ यांची गणती होते. ही गणती पुढे विद्यापीठाच्या मूल्यांकनात मिळवली जाते आणि त्यावर अनुदान व प्रतिष्ठा या दोन्हींचा बराच भाग अवलंबून राहतो. 18 नोव्हेंबर 1962 रोजी स्थापन झालेल्या कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला 2021 मध्ये ‘नॅक’कडून, म्हणजे उच्च शिक्षणसंस्थांची गुणवत्ता तपासणाऱ्या राष्ट्रीय परिषदेकडून, 4 पैकी 3.52 गुणांसह ‘अ++’ श्रेणी मिळाली, तेव्हा त्या आकड्यात प्रत्येक विभागाने वर्षानुवर्षे जमवलेल्या अशाच नोंदींचा वाटा होता. या नोंदी खोट्या नसतात. मात्र विभागात शिकवलेले शास्त्र विद्यार्थ्याच्या स्वतःच्या गावाला लावून पाहता येते की नाही, हे त्यांच्यावरून कळत नाही.

या विद्यापीठाच्या राज्यशास्त्र विभागाचे माजी प्राध्यापक अशोक चौसाळकर यांचा कौटिल्यपूर्व अर्थशास्त्र परंपरेवरील इंग्रजी ग्रंथ 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. ‘अर्थशास्त्र’ या शब्दाने येथे पैशाचे शास्त्र अभिप्रेत नसून भूमी मिळवणे, राखणे आणि तिच्यावरील प्रजेचे पालन करणे यांचा विचार, अर्थात राज्यव्यवहाराचे शास्त्र, अभिप्रेत आहे. या विचाराचा एक मराठी अवतार पन्हाळा या गडाशी निगडित आहे, ही गोष्ट गडावर लहानाचा मोठा झालेल्या प्रस्तुत लेखकाला विभागात प्रवेश घेईपर्यंत ठाऊक नव्हती. 1715 साली कोल्हापूरच्या संभाजीराजांच्या नावाने सिद्ध झालेल्या ‘आज्ञापत्रा’चे कर्ते रामचंद्रपंत अमात्य यांची समाधी पन्हाळ्यावर असून, तिच्या आसपासची मोकळी जागा शाळकरी मुलांच्या दृष्टीने क्रिकेटची होती.

आज्ञापत्रातील दुर्गविषयक प्रकरण वाचताना त्यातील तपशील प्रथम लक्षात येतो. गडासाठी जागा निवडताना पाणी पाहावे, एका टाक्यावर विसंबून राहू नये, कारण तोफांच्या हादऱ्याने झरे आटण्याचा संभव असतो. उपयोगी झाडे राखावीत. केरकचरा गडावर साचू देऊ नये, तो जाळून त्याची राख परसात घालून भाजीपाला करावा. अशा सूचना देणाऱ्या ग्रंथाला मुत्सद्देगिरीचा ग्रंथ एवढेच म्हणून सोडून देणे अपुरे आहे; तो कारभाराचाही ग्रंथ आहे, आणि आजच्या भाषेत त्याचा अर्धा भाग नगरपरिषदेच्या आरोग्य व पाणीपुरवठा खात्यांत वाटला जाईल. पदव्युत्तर लघुप्रबंधासाठी ‘आज्ञापत्रातील दुर्गनीती’ हा विषय निवडणाऱ्या प्रस्तुत लेखकाला मार्गदर्शकांनी जी सूचना केली ती अशी, की ग्रंथातील गड आणि आज वस्ती असलेला गड यांच्यावर सत्ता कोणाकोणाची आहे ते आधी तपासावे आणि मग तुलना लिहावी.

ही तपासणी वाटली होती त्यापेक्षा फार अवघड निघाली. 2011 च्या जनगणनेनुसार जेमतेम 3,000 वस्तीच्या या गावाला स्वतःची नगरपरिषद आहे. 74 व्या घटनादुरुस्तीने नगरसंस्थांना दिलेले स्थान आणि महाराष्ट्राचा 1965 चा नगरपरिषद अधिनियम येथेही लागू आहेत. त्याच वेळी तीन दरवाजा, अंबरखाना, सज्जा कोठी यांसारख्या वास्तू केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली असून, 1958 च्या कायद्यात 2010 साली झालेल्या दुरुस्तीनुसार संरक्षित स्मारकापासून 100 मीटरपर्यंतचे क्षेत्र प्रतिबंधित आणि त्यापुढील 200 मीटरचे क्षेत्र नियंत्रित मानले जाते. पहिल्यात नवे बांधकाम होत नाही. तेथील जुन्या घराची दुरुस्ती अथवा दुसऱ्यातील बांधकाम यांसाठी सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो, आणि तो राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाच्या शिफारशीसाठी पुढे जातो. गडावर अनेक ठिकाणी दोन-तीनशे मीटरमध्ये कोणते ना कोणते संरक्षित स्मारक येते, त्यामुळे एकाच घराचे परसू एका नियमात आणि सोपा दुसऱ्या नियमात, अशी स्थिती काही ठिकाणी आढळली.

मुलाखतींच्या वेळी एका घरात ही स्थिती प्रत्यक्ष दिसली. दरवर्षीची शाकारणी, म्हणजे पावसाळ्याआधी कौले उतरवून फुटकी बदलणे, घरची माणसेच करत आली होती; परंतु वासे आणि रिपा कुजून भिंतीचा माथाच ढासळला होता आणि छपरावर निळा प्लॅस्टिकचा कागद दगडांनी दाबून ठेवला होता. प्रश्नावलीतील ‘स्थानिक स्वराज्य संस्थेविषयी आपले समाधान किती’ हा प्रश्न ऐकून घेतल्यावर घरातील वृद्ध आजींनी उत्तर दिले, “बाळ, ह्ये कौल उतरून भिंत बांधायला सही कुणाची लागती, तेवढं तुझ्या पुस्तकात घाल की.” समाधानाचा एक ते पाच असा मोजपट्टीचा रकाना त्या घरापुरता कोराच राहिला. संशोधनपद्धतीच्या दृष्टीने हा तोटा होय. तरीही लघुप्रबंधाचे मुख्य प्रकरण त्या कोऱ्या रकान्यातूनच निघाले, हे नमूद केले पाहिजे. जुलै 2021 च्या अतिवृष्टीत गडावर येणारा मुख्य रस्ता चार दरवाजाजवळ खचून वाहतूक बंद पडली, त्या घटनेचा विचारही त्या प्रकरणात याच अंगाने केला गेला: डोंगर, रस्ता, तटबंदी आणि वस्ती यांच्याशी वेगवेगळ्या यंत्रणांचा संबंध येत असेल, तर नागरिकाने उत्तरदायी कोणाला धरायचे, हा संघराज्याचा प्रश्न पुस्तकातल्या केंद्र-राज्य संबंधांपेक्षा पुष्कळ लहान आकाराचा असला, तरी प्रकार तोच आहे.

11 जुलै 2025 रोजी युनेस्कोने ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाखाली 12 किल्ल्यांची नोंद जागतिक वारसा यादीत केली, तीत पन्हाळा आहे आणि तमिळनाडूतील जिंजीही आहे. 1689 साली राजाराम महाराज पन्हाळ्याहून जिंजीकडे गेले आणि महाराष्ट्रातील कारभाराची धुरा रामचंद्रपंतांवर आली, हे लक्षात घेतले तर या दोन गडांच्या एका यादीत येण्यात राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला सत्ता आणि स्थान यांची फारकत करून राज्य टिकवल्याचा एक अपूर्व दाखला दिसतो. त्याच महिन्यात स्वच्छ सर्वेक्षणाच्या निकालात 20,000 पेक्षा कमी लोकसंख्येच्या शहरांमधून सातत्याने आघाडीवर राहिलेल्या मोजक्या गावांच्या ‘सुपर स्वच्छ लीग’मध्ये पन्हाळा आला. पहिल्या वार्तेला वर्तमानपत्रांत मोठे मथळे मिळाले; दुसरी वार्ता, प्रस्तुत लेखकाच्या मते, अमात्यांना अधिक आवडली असती.

गडावर मात्र पहिल्या वार्तेचा आनंद आणि धास्ती एकत्रच आली. वारसास्थळाभोवतीचा राखीव पट्टा म्हणजे ‘बफर झोन’. त्यामुळे आधीच्या निर्बंधांत आणखी भर पडेल काय, हा प्रश्न चहाच्या गाड्यावर, मोरोपंत ग्रंथालयात आणि पुढे डिसेंबर 2025 च्या नगरपरिषद निवडणुकीपूर्वीच्या गप्पांत वारंवार ऐकू येत होता. लघुप्रबंधाला जोडलेल्या परिशिष्टात कोणत्या कामासाठी कोणत्या कचेरीत अर्ज द्यावा, सोबत कोणते नकाशे व उतारे लागतात आणि अर्ज पुढे कोठे जातो, याचा दोन पानी तक्ता होता. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी त्यावर फारसे विचारले नाही, सिद्धांताच्या प्रकरणावरच वेळ गेला. गावात तीच दोन पाने झेरॉक्स होऊन फिरू लागली, आणि तिसऱ्या पिढीतल्या एका घरमालकाने त्यातील एक चूक दाखवून ती पेनने दुरुस्त करून दिली. विभागाच्या ग्रंथालयातील प्रतीत ती दुरुस्ती अद्याप चढलेली नाही.