मुगलिंगच्या वाटेवरची धारा

लुंबिनीविषयी आपण सर्वांनी पुष्कळ वाचलेले आहे. म्हणून तेथील वर्णन येथे करीत नाही. आम्हांला सांगायचे आहे ते लुंबिनीहून काठमांडूला जाताना वाटेत प्यालेल्या पाण्याविषयी.

२०२४ च्या फेब्रुवारीत आमच्या वसाहतीतील आम्ही सतरा उपासक-उपासिका धम्मयात्रेला निघालो. गिरणीतून आणि नगरपालिकेतून निवृत्त झालेली माणसे, दोन आंगणवाडी सेविका, आणि सर्वांच्या पुढे चालणाऱ्या सत्तरीच्या मावशी. गोरखपूर, सोनौली, लुंबिनी असे करीत बस नारायणघाटला आली आणि डोंगरात शिरली. मुगलिंगला हा रस्ता पृथ्वी राजमार्गाला मिळतो. तेथून काठमांडूच्या बाजूस वळले की त्रिशूली नदी सोबतीला असते. नदी खोल खाली, रस्ता वर, आणि डोंगराच्या अंगाला जागोजाग पाझरणारे झरे. कोठे झऱ्याच्या तोंडाला पाइप बसवलेला, कोठे नुसता चिरलेला बांबू, कोठे सिमेंटचा ओटा. नेपाळी माणसे याला ‘धारा’ म्हणतात. बसवाले, ट्रकवाले, गावच्या बाया, सगळे तेथेच पाणी भरतात.

एका वळणावर ड्रायव्हरने गाडी थांबवली. आमच्याही बाटल्या रिकाम्या झाल्या होत्या. सतरा माणसांना रोज विकतचे पाणी कोठून परवडणार? आम्ही डबे, बाटल्या घेऊन खाली उतरलो. धारेपाशी चार-पाच बाया होत्या. पाठीवर टोपली, टोपलीचा पट्टा कपाळावर, आणि टोपलीत गागर. पाणी असे गार की हात आखडावा.

आमच्यातील तरुण मुलांनी ओंजळी लावल्या. मावशी मात्र पाच लिटरचा कॅन हातात धरून चार पावले दूर उभ्या राहिल्या. आम्ही म्हणालो, “मावशी, लावा ना कॅन.” त्या म्हणाल्या, “होऊ द्या त्यांचं.” एकीचे झाले, दुसरीचे झाले, तरी मावशी जागच्या हलेनात. शेवटी एका बाईने आपली अर्धी भरलेली गागर बाजूला ओढली आणि म्हणाली, “भर्नुस् दिदी.” भाषा कळली नाही, पण हात कळला. मावशींनी कॅन लावला.

बस सुटल्यावर त्या बराच वेळ गप्प होत्या. मग आपणहून बोलल्या. मराठवाड्यातल्या त्यांच्या गावी त्या लहान असताना आईबरोबर विहिरीवर जात. पोहरा आपण टाकायचा नाही. घागर खाली ठेवून लांब उभे राहायचे. कोणाला दया आली तर वरून धार धरणार, नाही तर उन्हात तसेच बसायचे. “पाय आपोआप मागं सरला बघा,” त्या म्हणाल्या. “दीक्षा घेतली, पोरं शिकली, पण पायाला कोण शिकवणार?”

वाचकहो, महाडचा संगर आपण दरवर्षी २० मार्चला सांगतो. पण तो संगर एका बाईच्या पायात अजून चालू आहे, हे आम्हांला त्या वळणावर कळले.

काठमांडूला लागूनच पाटण हे जुने शहर आहे. तेथे दरबार चौकाच्या उत्तर टोकाला ‘मंगहिटी’ आहे. हिटी म्हणजे नेवार भाषेत धारा. दगडी पायऱ्या उतरून खाली जायचे, तेथे मकराच्या तोंडाच्या तीन धारा आहेत. इ. स. ५७० मधील हे बांधकाम. पूर्वी दूरच्या ओढ्यांचे पाणी राजकुलो नावाच्या पाटांनी तळ्यांत आणीत, ते जमिनीत मुरे आणि वाळू-खड्यांतून गाळून धारेला येई. आता शहरात घरांचे पाये खोल गेले, बोअरिंगे झाली, तेव्हा कित्येक धारा आटल्या आहेत. (पाणी स्वच्छ दिसले तरी उकळूनच प्यावे. आमच्यातील तिघांचे पोट बिघडले होते!)

आम्हांला हे सारे दाखवणारा तरुण नेवार बौद्ध होता. मावशींनी त्याला हिंदीतून सरळ विचारले, “बेटा, इथे पाणी कोण भरायचं?” तो जरा अडखळला. मग त्याने सांगितले. जंगबहादूर राणाने १८५४ साली ‘मुलुकी ऐन’ हा कायदा केला. त्यात माणसांची वाटणीच पाण्यावरून होती. काही जाती ‘पानी चल्ने’, काही ‘पानी नचल्ने’, म्हणजे ज्यांच्या हातचे पाणी चालत नाही त्या. कामी, दमाई, सार्की ही मंडळी दुसऱ्या यादीत. कामी म्हणजे लोहार. ज्याने घडवलेल्या कुदळीने धारेला वाट काढली, त्यानेच धारेला भांडे लावायचे नाही! १९६३ च्या नव्या ऐनाने ही वाटणी कायद्यातून गेली. २०११ साली अस्पृश्यतेविरुद्ध स्वतंत्र कायदाही झाला. तरी खेड्यांत धारेवरून मारहाण होते, असे तो म्हणाला. बौद्ध नेवारांतही जाती आहेत, हे त्याने मान खाली घालून सांगितले. आम्हांला फार वाईट वाटले. पण त्याने लपवले नाही, हे बरे वाटले.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर नोव्हेंबर १९५६ मध्ये चौथ्या जागतिक बौद्ध परिषदेसाठी काठमांडूला आले होते. २० नोव्हेंबरला त्यांचे भाषण झाले. प्रकृती खालावलेली होती, महापरिनिर्वाणाला जेमतेम सोळा दिवस राहिले होते. तेव्हा या देशात १८५४ चाच ऐन लागू होता. मावशींनी हे ऐकले आणि हिटीच्या पायरीवर काही वेळ बसून राहिल्या. मग उठल्या, पदर खोचला आणि मधल्या धारेखाली कॅन लावला. धार बारीक होती. कॅन भरायला बराच वेळ लागला. मागे रांग लागली, तरी मावशी हलल्या नाहीत.

परतीच्या वाटेत बस पुन्हा त्याच वळणावर थांबली. एका ट्रकवाल्याने पाइपाला रबरी नळी जोडून ट्रक धुवायला काढला होता आणि बाया गागरी घेऊन तिष्ठत होत्या. मावशी तरातरा पुढे गेल्या आणि शुद्ध मराठीत म्हणाल्या, “ए बाबा, काढ ती नळी. आधी प्यायचं पाणी.”

त्याने नळी काढली. पहिली गागर त्या बाईची लागली, दुसरा मावशींचा कॅन.