कामाला ठेवलेला मासा

"मेला तं मेला भाऊ, घरावरची पीडा घेऊन गेला." राळेगावातल्या एका दुकानात गल्ल्यामागून ऐकलेलं हे वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना. पोट वर करून तरंगणारा गोल्डफिश मालकांनी चहाच्या गाळणीनं अलगद बाहेर काढला. चेहऱ्यावर दुःख नव्हतंच. थोडं समाधानच होतं. पीडा टळली होती ना!

कोणती पीडा, ते कुणी विचारत नाही. न आलेल्या संकटाचा पुरावा मागणार तरी कसा? म्हणून ही समजूत इतकी चिवट. आणि सोयीचीही, कारण मासा असा हुतात्मा झाला की पाण्याकडे बघायला नको.

बघायला हवं ते पाण्याकडेच. दर रविवारी पेटी रिकामी करून, गोटे घासून, फिल्टरचा स्पंज नळाखाली खसाखसा पिळणारी माणसं किती कष्टाळू असतात! माशाच्या कल्ल्यांतून अमोनिया सतत बाहेर पडतो. त्याचं आधी नायट्राइट आणि मग बऱ्यापैकी निरुपद्रवी नायट्रेट करणारे जिवाणू त्याच स्पंजात, त्याच गोट्यांवर वस्तीला असतात. नव्या पेटीत ते जमायला महिना-दीड महिना लागतो. त्यांनाच दर आठवड्याला मोरीत सोडायचं म्हणजे विरजण धुऊन टाकून दही का लागलं नाही म्हणून हळहळायचं. वर ताजं पाणी थेट नळाचं, टीसीएल पावडरचा वास येणारं. त्यातला क्लोरीन माशाचे कल्ले जाळतो. त्यापेक्षा आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलावं, तेही नव्या पाण्यातला क्लोरीन घालवून, आणि स्पंज पेटीतून काढलेल्या जुन्या पाण्यातच हलक्या हातानं पिळावा. इतकं सोपं आहे, म्हणूनच बहुधा कुणाला पटत नाही.

मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो. त्यात लाइट गेली, पंप थांबला, की मासे वर येऊन तोंडं उघडतात. घरातलं कुणीतरी कळवळून म्हणतं, "भूक लागली वाटते," आणि चिमूटभर दाणे टाकतं. ते कुजायला आणखी प्राणवायू लागतो. माया असावी तर अशी! अशा वेळी मगभर पाणी काढून उंचावरून परत ओतत राहिलं, तरी मासे वाचू शकतात.

गोल्डफिश भांड्याएवढाच वाढतो म्हणतात. मोकळी जागा मिळाली तर साधा गोल्डफिश फूटभर होतो. वाटीत तो खुंटतो आणि लवकर मरतो. इंग्लंडात 1956 मध्ये जत्रेत बक्षीस मिळालेला टिश नावाचा गोल्डफिश 1999 पर्यंत, म्हणजे 43 वर्षं जगला. आणि माशांची स्मरणशक्ती तीन सेकंदांचीच, ही समजूत? कार्ल फॉन फ्रिश यांनी शंभर वर्षांपूर्वी एका आंधळ्या मार्जारमाशाला शिटीची सवय लावली होती. शिटी वाजली की तो खाण्यासाठी बाहेर यायचा. याच फ्रिश यांना पुढे मधमाश्यांच्या नाचासाठी नोबेल मिळालं.

मला वाटतं, आपण मासा पाळत नाही, कामाला ठेवतो. एकानं पीडा घ्यायची, दुसऱ्यानं पैसा आणायचा. काच साफ ठेवायला सकर मासा आणायचा. तो बोटभर असताना येतो, फूटभर होतो, जेवढं चाटतो त्याहून जास्त घाण करतो आणि मग कुणीतरी त्याला गुपचूप नदीत सोडतं. भीमेकाठच्या मच्छीमारांच्या जाळ्यात तो सापडतो, काट्यांनी जाळं फाडतो. त्याला कुणी खात नाही आणि त्याचे आभारही मानत नाही.

पण खरा नोकरदार म्हणजे गप्पी. दुकानात मोरपंखी शेपटीचा गप्पी जोडीवर विकतात; आरोग्य खात्याकडे त्याचाच करडा भाऊबंद फुकट मिळतो. जात एकच. जीवशास्त्रज्ञ पीटर्स यांनी 1859 मध्ये व्हेनेझुएलातल्या नमुन्यांवरून त्याचं वर्णन केलं, आणि नाव चिकटलं ते त्रिनिदादच्या रॉबर्ट गप्पी यांचं, ज्यांनी तो लंडनला पाठवला होता. पुढे आमच्या सिमेंटच्या टाक्यांपर्यंत तो आला तो डासांच्या अळ्या खाण्याच्या कामावर. मला हा मासा मनापासून आवडतो. अंडी घालत नाही, थेट पिलं देतो. मादी नराचं बीज महिनोन्‌महिने पोटात जपते, म्हणून टाकीत एकटी असली तरी पुन्हापुन्हा विते, आणि बघणाऱ्याला चमत्कार वाटतो. दाटीवाटी झाली की आई स्वतःच पिलं खाते. हे कळल्यावर चमत्कार म्हणणारे जरा गप्प होतात. गढूळ पाणी, कोंदट पाणी, कसंही चालतं. म्हणूनच त्याला सरकारी नोकरी मिळाली. पण हाच काटकपणा नदीनाल्यात गेला की गावच्या बारीक माशांच्या मुळावर येतो.

आणि अळ्या? झाकण नसलेल्या हौदात गप्पी बरंच काम करतो. मात्र तो सोडला की आपण सुटलो, हीसुद्धा समजूतच. कूलरचंच घ्या. उन्हाळा सरला की आमच्या घराघरांतून तो पाण्यासकट तसाच उभा राहतो. डेंग्यूचा डास पाण्याच्या कडेला, ओल्या भिंतीवर अंडी घालतो. ती सुकली तरी महिनोन्‌महिने टिकतात आणि पाणी चढलं की फुटतात. अंड्यापासून उडणाऱ्या डासापर्यंत आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून कूलरमध्ये मासा सोडू नका. आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करा, कडा घासा, एक दिवस कोरडी ठेवा. हे काम माशाचं नाही.